मदत हवी आहे: आईचा बोन मॅरो रिपोर्ट समजून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. आईचं (वय ६४) हिमोग्लोबिन ८ च्या वर जाईना, त्यात प्लीहा वाढलेली, म्हणून इथे नागपुरात धंतोलीत बोन मॅरो (हाडातल्या मज्जेची तपासणी) केली. सुईने ओढलं तर काही निघालंच नाही, 'ड्राय टॅप' लिहिलंय. हाडाच्या तुकड्यावरून रिपोर्ट आला. रेटिक्युलिन (मज्जेतले तंतू) एमएफ-२ म्हणजे दुसऱ्या श्रेणीचं, ब्लास्ट (अपरिपक्व रक्तपेशी) २ टक्के, जेएके२ (एका जनुकातला बदल) पॉझिटिव्ह. तंतूंची श्रेणी ० ते ३ असते आणि ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत असलेले बरे, इथवर कळलं. पण एमएफ-२ मधले तंतू औषधाने कमी होतात का? रक्सोलिटिनिब (या आजारावरचं औषध) घेणाऱ्या कोणाचं हिमोग्लोबिन सुरुवातीला आणखी उतरलं होतं का? सोमवारी डॉक्टर भेटतील, त्यांना काय काय विचारू? "कॅन्सर आहे का" हे आईसमोर विचारायचं की नाही, यावर घरात दोन पक्ष पडलेत. काढे कृपया सुचवू नका, ते मावशीकडून रोज येतात.