मदत हवी आहे : क्रूझचा सुवा (फिजी) इथला एक दिवस, गिरमिटियांच्या खुणा आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे सिडनीला आले आहेत. ऑगस्टमध्ये सगळे मिळून पॅसिफिकच्या क्रूझवर चाललोय. बोट फिजीत दोन ठिकाणी थांबणार आहे, राजधानी सुवा आणि द्रावुनी नावाचं छोटं बेट. मला मुख्यतः सुवाबद्दल विचारायचंय. बोट सकाळी आठला धक्क्याला लागते, संध्याकाळी पाचला सुटते आणि साडेचारच्या आत सगळ्यांनी परत चढायचं असतं. उतरायची गर्दी धरली तर हातात जेमतेम सात तास राहतात.

क्रूझ कंपनीच्या सहली बघून झाल्या. समुद्रकिनारा, रिसॉर्टवर जेवण, नदीतून बोटीची फेरी, पारंपरिक नाच. छान असतील, पण बाबांना त्यात रस नाही. बाबा गुहागरजवळच्या शाळेत इतिहास शिकवायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं जन्मगाव कोतळूक त्याच तालुक्यात. गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांची करारपद्धत संपूर्ण बंद करा असा ठराव मांडला होता. सरकारी मतांपुढे तो पडला. बाबा हा भाग वर्गात इतका जीव ओतून शिकवायचे की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून आठवतो. गोखले १९१५ मध्ये गेले, पुढच्या वर्षी मालवीयांनी तो विषय पुन्हा लावून धरला, आणि फिजीतल्या उरलेल्या मजुरांचे करार १ जानेवारी १९२० ला रद्द झाले. ज्या माणसांसाठी हे सगळं चाललं होतं ती जिथे उतरली, राबली, ती जागा बाबांना एकदा डोळ्यांनी बघायची आहे. फिजीचं नाव निघाल्यापासून त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नाही.

ज्यांना हा इतिहास माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १४ मे १८७९ ला लिओनिडास हे जहाज कलकत्त्याहून पहिले मजूर घेऊन फिजीत आलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं अशी नेली गेली, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. करार पाच वर्षांचा. त्या 'ॲग्रीमेंट'चं गिरमिट झालं आणि माणसं गिरमिटिया. सुरुवातीला सगळी जहाजं कलकत्त्याहून निघायची, १९०३ पासून मद्रासहूनही निघू लागली.

माझ्या डोक्यात आहे ते असं. थर्स्टन गार्डन्समधलं फिजी म्युझियम बघायचंच. नौसोरीला 'सीरिया' जहाजाचं स्मारक आहे, तेही. हे जहाज ११ मे १८८४ ला नासिलाईच्या प्रवाळखडकावर फुटलं आणि ५९ जीव गेले. कलकत्त्यापासून जवळजवळ दोन महिने प्रवास करून आलेली ती माणसं किनारा नजरेच्या टप्प्यात असताना बुडाली. बाबांनी आग्रह धरलाय तो या एका जागेसाठी. पण नौसोरी सुवापासून वीसेक किलोमीटर आहे आणि तिथल्या रस्त्यावर वाहनांची फार कोंडी होते असं वाचलं. बोट तर कुणासाठी थांबत नाही. सात तासांत हे बसतं का? टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी, की एकेका फेरीची?

दुसरं म्हणजे आईचे गुडघे. सपाट रस्त्यावर ती हळूहळू चालते, पण चढ आणि जिने नकोत. धक्क्यापासून म्युझियमपर्यंत चालणं झेपेल का? आणि द्रावुनीला बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात असं कळलं. गुडघेदुखीवाल्या कुणी अशी होडी घेतली आहे का?

तिसरं बाबांचं. सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गिरमिटियांचे एमिग्रेशन पास, म्हणजे देश सोडतानाचे परवाने, जपलेले आहेत. त्यावर मजुराचं नाव, वडिलांचं नाव, जात, जिल्हा, ठाणं, गाव असं सगळं लिहिलेलं असतं. त्यात कुठे रत्नागिरी जिल्हा सापडतो का, हे त्यांना बघायचंय. त्याच दिवशी तिथे जाऊन काही हाती लागेल का?

शाकाहारी जेवण, पाऊस, आणखी काही, जे सुचेल ते सांगा. आधीच आभार मानते.

प्रतिसाद :

ताई, मी काही वर्षं सुवात नोकरीला होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नौसोरी होईल, फक्त सकाळी पहिलं तेच करा. सकाळी सगळी गर्दी नौसोरीकडून सुवाकडे येत असते, कामावर निघालेली. तुम्ही उलट दिशेने जाल, रस्ता त्यामानाने मोकळा मिळेल. दहानंतर परत फिराल तोवर तो लोंढा ओसरलेला असतो. दुपारी तीननंतर मात्र त्या रस्त्याला लागायचंच नाही, तेव्हा अख्खं शहर घरी निघालेलं असतं. दुपारी जेवून निवांत नौसोरीला जाऊ, असा विचार चुकूनही करू नका.

टॅक्सी तासांच्या हिशोबाने ठरवा, बसण्याआधी आकडा पक्का करा, आणि स्मारकाजवळ थांबायचा वेळ त्यात धरलाय हे स्पष्ट बोलून घ्या. टॅक्सीवाला बहुधा गिरमिटियांचाच वंशज असतो. घरात फिजी हिंदी बोलतात, तिच्यात अवधी आणि भोजपुरी मिसळलेली आहे. बाबांनी सावकाश हिंदीत विचारलं, 'आपके पुरखे कौन जिले से आए रहे?', तर गप्पा कुठल्या कुठे जातील. बस्ती, गोंडा, आझमगड ही नावं ऐकायला मिळतील. दक्षिणेकडून आलेल्यांत उत्तर अर्काट, चिंगलपुट. मला त्या गावातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटली. स्मारक तसं साधं आहे, रेवा नदीच्या पुलाजवळ. भव्य काही डोळ्यांसमोर आणू नका. पण ती नदी आणि तिचा सपाट गाळाचा प्रदेश बघितला की ऊस इथेच का लावला ते समजतं. नौसोरीचा साखर कारखाना १८८२ मध्ये सुरू झाला आणि १९५९ मध्ये बंद पडला.

म्युझियम धक्क्यापासून दोन किलोमीटरच्या आत आहे. व्हिक्टोरिया परेडने सरळ, समुद्राला धरून, रस्ता बराचसा सपाट. तरी आईंना टॅक्सीनेच न्या, दमट हवेत तेवढंही जड जातं. गिरमिटियांच्या वस्तू आणि छायाचित्रं आहेतच. शिवाय १९१३ मध्ये बांधलेली रातू फिनाऊ ही दोन होड्या जोडून केलेली नौका बघा, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने बांधलेली. कोकणातल्या माणसाचा पाय तिथून लवकर निघत नाही. खलाशांच्या बंडामुळे गाजलेल्या 'बाउंटी' जहाजाचं सुकाणूही तिथे आहे. बागेसमोरच अल्बर्ट पार्क. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियन वैमानिक किंग्सफोर्ड स्मिथचं 'सदर्न क्रॉस' विमान पॅसिफिक ओलांडताना त्या मैदानावर उतरलं होतं. बाबांना ते ठाऊक असेलच.

अभिलेखागाराचं मात्र एका दिवसात जमणार नाही. तिथे आधी लेखी कळवावं लागतं आणि पासांच्या मायक्रोफिल्म चाळायला वेळ लागतो. आत्ताच लिहून काय शोधायचंय ते कळवा, पुढचं काम पत्रव्यवहाराने होऊ शकतं. मुंबईहून फिजीची भरती होत नव्हती, त्यामुळे रत्नागिरीचं नाव मिळणं कठीण. कलकत्त्याला पोचलेला एखादा कोकणी माणूस त्यात असू शकतो, इतकंच.

आणि बोट रविवारी लागत नाही ना, ते आजच बघा. रविवारी सुवा बंद असतं. लोक चर्चला जातात, बाजार आणि म्युझियम दोन्ही बंद.

प्रतिसाद :

सगळ्यांत आधी व्हिसा बघा. आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि ते ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर असतील, तर तो अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे तपासा. बोट सिडनी सोडून निघाली म्हणजे त्यांनी ऑस्ट्रेलिया सोडला. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला सिडनीत उतरताना अडचण, आणि बरेचदा निघतानाच बोटीवर घेत नाहीत. फिजीत भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण बोट वाटेत न्यू कॅलेडोनियाला थांबत असेल तर तो फ्रेंच भाग आहे, तिथले नियम वेगळे. क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागून घ्या. विमा घेतानाही त्यात क्रूझ धरली आहे का ते वाचा, साध्या प्रवासविम्यात बरेचदा ती नसते.

प्रतिसाद :

ताई, माझ्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात म्हणून लिहितेय. सुवाला बोट थेट धक्क्याला लागते, तिथे फक्त उतरायची शिडी. भरती-ओहोटीप्रमाणे ती कधी तिरकी होते, खलाशी हात देतात. द्रावुनीची होडी वेगळी. लाटांवर ती वर-खाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. सासूबाई बोटीवरच थांबल्या, आणि त्यांनी निवांत दिवस घालवला. आईंना आग्रह करू नका.

सुवाचा मोठा बाजार धक्क्याला लागूनच आहे, तो अगदी शेवटी ठेवा. उशीर झाला तर तो गाळता येतो आणि बोट तर समोरच दिसत असते. भाजी वजनावर नाही, वाट्यावर मिळते. वांगी, भेंडी, कोथिंबीर, हळद, शेजारी दालो म्हणजे अळूचे कंद आणि कसावा. वरच्या मजल्यावर यांगोनाची मुळं आणि भुकटी, म्हणजेच कावा, पाण्यात कालवून पितात तो. कुणी प्यायला दिला तर जिभेला मुंग्या येतात, घाबरू नका. बाबांची औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. शाकाहारी जेवणाची काळजी नको, रोटी-भाजी, डाळ-भात सहज मिळतो. रोरो चुकवू नका, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली.

बोटीवरचं फळ, सँडविच, शेंगदाणे काहीही पर्समधून खाली नेऊ नका, तपासणी कडक असते. परतताना ऑस्ट्रेलियातही लाकडाच्या वस्तू, शिंपले, बिया, सगळं जाहीर करा. छत्री घ्या, सुवाला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ऑगस्ट कोरडा म्हणतात तरी सरी येतातच.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसा लगेच काढून बघितला, अनेकदा प्रवेशाचा आहे. बोट गुरुवारी लागतेय. अभिलेखागाराला काय लिहायचं त्याचा मसुदा बाबा आजच करायला बसलेत, आणि द्रावुनीला आईबरोबर मी बोटीवर थांबेन.

एकच राहिलं. बाबांना सीरियाच्या स्मारकावर फुलं वाहायची आहेत. बोटीवरून फुलं नेता येणार नाहीत हे उघड आहे. सकाळी नौसोरीला जाण्याआधी कुठे मिळतील?

प्रतिसाद (सुवात राहिलेले) :

बाजारातच. तो पहाटे उघडतो, आठ वाजता पूर्ण भरलेला असतो. म्हणजे बाजार शेवटी, हे खरेदीपुरतं धरा, फुलांसाठी सुरुवातीलाच दहा मिनिटं थांबा. आईंना टॅक्सीत बसवा आणि तुम्ही एकट्या आत जाऊन या. तिथे नाहीच मिळाली तर नौसोरीचाही बाजार आहे, टॅक्सीवाल्याला आधी सांगून ठेवा. फिजी डॉलरच्या सुट्ट्या नोटा बरोबर असू द्या.