खड्यांच्या अवरक्त वर्णपटात ३४०० जवळचा रुंद पट्टा कशामुळे येतो?

पार्ले_रसायन

नमस्कार. मी मुंबईतील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या मूतखड्यांचे आणि पित्तखड्यांचे घटक एफटीआयआर (अवरक्त वर्णपट काढणाऱ्या) यंत्राने ओळखणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय असून रुग्णांची संमती आणि नीतिमत्ता समितीची परवानगी घेतलेली आहे. मी बहुतेकदा संपूर्ण खडा कुटून त्याची पूड पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळते आणि चकती दाबते. जुलैपासूनच्या जवळजवळ प्रत्येक वर्णपटात ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास रुंद पट्टा आणि १६४० जवळ उंचवटा दिसतो, त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट (पाण्याचा एक रेणू असलेले) आहे की डायहायड्रेट (दोन रेणू असलेले), हे ठरवता येत नाही. पित्तखडा काळपट तपकिरी असला तरी वर्णपटात मात्र कोलेस्टेरॉलच दिसते. दोष यंत्रात आहे की माझ्या कृतीत?

माटुंगा_प्रयोगशाळा

यंत्राकडे जाण्याआधी चकतीकडे पाहा. पोटॅशियम ब्रोमाइड हवेतील ओल शोषून घेते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यासाठी बाटलीचे झाकण थोडा वेळ उघडे राहिले तरी पुरते. तुम्ही सांगितलेले दोन्ही पट्टे पाण्याचे आहेत. खात्रीसाठी खडा न घालता नुसत्या ब्रोमाइडची चकती दाबून तिचा वर्णपट काढा.

यातली खरी अडचण अशी, की मोनोहायड्रेटमध्ये ३००० ते ३५०० दरम्यान अनेक टोकदार शिखरे दिसतात, तर डायहायड्रेटमध्ये तिथे एकच रुंद फुगवटा असतो. म्हणजे ओल्या ब्रोमाइडमुळे मोनोहायड्रेटही डायहायड्रेटसारखे भासते. म्हणून १६२० आणि १३१७ जवळचे पट्टेही तपासा. डायहायड्रेटमध्ये ते किंचित वर सरकलेले असतात.

ब्रोमाइड ११० अंशांवर रात्रभर वाळवा आणि शोषकपात्रात ठेवा. २०० मिलिग्रॅममध्ये एक-दोन मिलिग्रॅम खडा पुरतो. खडा मात्र त्या भट्टीत ठेवू नका, कारण स्ट्रुवाइटमधील (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटमधील) अमोनिया आणि पाणी १०० अंशांच्या बरेच खाली निघून जाते आणि डायहायड्रेटही बदलू शकते. खडा साध्या तापमानाला सिलिका जेलवर वाळवावा आणि हलक्या हाताने घोटावा. एटीआर जोडणी (जिच्यात पूड थेट स्फटिकावर दाबून मोजतात) मिळाली तर चकतीचा प्रश्नच उरत नाही.

दादर_मूत्रशल्य

ओलीबद्दल वर लिहिले आहे ते योग्यच आहे, परंतु माझा आक्षेप संपूर्ण खडा कुटण्याला आहे. खडा मधोमध कापून गाभा, थर आणि पृष्ठभाग यांचे नमुने वेगळे घ्या. अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) अंकुरकांवर, म्हणजे आतल्या टोकांवर, कॅल्शियमचे चट्टे दाखवले होते. अशा ॲपेटाइटच्या (कॅल्शियम फॉस्फेटच्या) चट्ट्यावर पुढे ऑक्झलेट चढत जाते. सगळे एकत्र कुटले की ऑक्झलेटच्या ढिगात हा छोटा आरंभ हरवतो.

आम्हाला हे का हवे असते तेही सांगतो. युरिक आम्लाचा खडा सायट्रेट देऊन लघवीची आम्लता कमी केल्यास विरघळू शकतो. स्ट्रुवाइट म्हणजे युरिएज (युरिया फोडणारे विकर) बनवणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग, आणि तुकडा मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो. सिस्टीन आढळले तर आजार आनुवंशिक असतो आणि कुटुंबीयांचीही चौकशी करावी लागते. फिरतीचे काम करणाऱ्या स्त्रिया वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणीच कमी पितात, हे मी ओपीडीत सतत ऐकतो. त्यांना ‘पाणी प्या’ एवढेच सांगणे अपुरे वाटते. खडा कशाचा आहे हे कळले तर सल्ला तरी नेमका देता येतो.

आणि एक विनंती: खडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका. धुऊन कोरडेच पाठवा.

पवई_वर्णपट

पित्तखड्यांबद्दल लिहितो. कोलेस्टेरॉलचे २९३०, २८५०, १४६५, १३७५ आणि १०५५ जवळचे पट्टे इतके ठळक असतात, की थोडे रंगद्रव्य त्यांच्याखाली झाकले जाते. पूड क्लोरोफॉर्मने दोन-तीनदा धुवा आणि उरलेला गाळ वाळवून त्याचा वर्णपट काढा. १६६०, १६२५, १५७० आणि १२५० जवळ पट्टे आले तर ते कॅल्शियम बिलिरुबिनेट, म्हणजे पित्ताचे रंगद्रव्य. १५४० आणि १५७५ ची जोडी कॅल्शियम पामिटेटची असते, आणि ते संसर्गातून होणाऱ्या तपकिरी खड्यांत सापडते. रमण वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशाचा) काढणार असाल तर दृश्य लेसरने रंगद्रव्याची प्रतिदीप्ती (त्याची स्वतःची चमक) सगळे झाकून टाकते. १०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरा.

पार्ले_रसायन

सर्वांचे मनापासून आभार. नुसत्या ब्रोमाइडच्या चकतीत ते दोन्ही पट्टे स्पष्ट दिसले. वाळवलेल्या ब्रोमाइडने काल एक मूतखडा नव्याने तपासला: बाहेरच्या थरात मोनोहायड्रेटची टोकदार शिखरे आली आणि गाभ्यात १०३५ चा रुंद पट्टा, तसेच ६०३ व ५६५ ची जोडी, म्हणजे ॲपेटाइट. त्याच खड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची पूड करून ऑगस्टमध्ये मी ‘डायहायड्रेट’ अशी नोंद केली होती; ती आता दुरुस्त केली आहे. पूर्ण कुटलेल्या खड्यांचा गाभा परत मिळणार नाही याचे वाईट वाटते. नऊ मूतखडे अजून अखंड आहेत. ते कापूनच तपासेन. क्लोरोफॉर्मने धुतलेला पित्तखड्याचा गाळ सध्या वाळत ठेवला आहे.