फ्रांस्वा हे नाव बाळाला ठेवावं का?

शब्दवेडी
माझी मावसबहीण फ्रान्समध्ये लियाँला असते, नवरा तिथलाच. दिवाळीच्या सुमारास बाळ येतंय. मुलगा झाला तर सासऱ्यांचं नाव, फ्रांस्वा (François), ठेवायचं तिच्या मनात आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, तसंच. नवरा म्हणतो, "नको, म्हाताऱ्यांचं नाव आहे ते."

मी बहिणीच्या बाजूने आहे. फ्रांस्वाचा अर्थच मुळी 'फ्रेंच'. लॅटिन 'फ्रान्सिस्कुस'वरून आलेलं, म्हणजे फ्रँक लोकांपैकी, ज्यांच्यावरून फ्रान्स हे नाव पडलं. पूर्वी भाषेचं नाव आणि माणसाचं नाव एकाच स्पेलिंगने लिहीत. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रांस्वा याने व्हिलेर-कोत्रेच्या फर्मानात कोर्टाचे कागद लॅटिनऐवजी 'फ्रांस्वा' मातृभाषेत लिहायला सांगितलं! फ्रेंच अकादमीने भाषेचं स्पेलिंग १८३५ च्या कोशात बदललं, माणसाचं तसंच राहिलं. असं नाव जुनं झालं म्हणून टाकून द्यायचं?

सह्यवारा
असहमत. अर्थ 'फ्रेंच' असेल, पण नाव गाजलं ते इटलीत. असिसीच्या संताचा बाप्तिस्मा झाला जोव्हान्नी या नावाने. बाप कापडाचा व्यापारी, फ्रान्सला गेलेला. परत आल्यावर तो पोराला फ्रान्चेस्को म्हणू लागला. पुढे पोरगा संत झाला आणि नाव युरोपभर पसरलं. तुमचा राजासुद्धा त्याच साखळीतला. त्याच्या आईने, लुईझ द साव्हुआने, मुलासाठी ज्यांचा आशीर्वाद घेतला ते पाओलाचे फ्रान्चेस्को, दक्षिण इटलीतले तपस्वी. त्यांचं नाव असिसीच्या संतावरून आणि १४९४ मध्ये कोन्याकला जन्मलेल्या राजपुत्राचं त्यांच्यावरून. म्हणजे फ्रान्सचा शब्द इटलीला गेला आणि संत होऊन परतला. नाव भक्तीने आलं, देशाभिमानाने नाही. घरात ती भक्ती नसेल तर नुसत्या अर्थासाठी कशाला?

मांडवीकाठ
भक्तीचंच म्हणत असाल तर आमच्या गोंयात या. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर, आमचे गोंयचो सायब. माणूस उत्तर स्पेनमधल्या नवारचा, शिकला पॅरिसला, १५५२ मध्ये वारला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. ३ डिसेंबरच्या फेस्ताला येणाऱ्या किती घरांत एक तरी फ्रान्सिस असतो! फ्रान्समध्ये त्यांच्यावरूनच फ्रांस्वा-झाव्हिए असं जोडनाव ठेवतात. झेवियर हे मुळात त्यांच्या घराण्याच्या गढीचं नाव, बास्क भाषेत 'नवं घर'. फ्रँकांचा शब्द, इटलीचा संत, बास्क गढी, गोव्याची माती. सह्यवारा, यातली कुठली वाट खोटी? नाव अवश्य ठेवा.

पॅरिसकर
इथे राहून बघतो म्हणून सांगतो, नवऱ्याचं बरोबर आहे. राजकारणातले तीन फ्रांस्वा घ्या: बायरू १९५१ चे, फियों आणि ओलांद दोघे १९५४ चे. त्या पिढीत ढिगाने फ्रांस्वा होते. आता बालवाडीच्या दारात उभं राहिलं की गाब्रिएल, राफाएल, लेओ अशा हाका ऐकू येतात. पूर्वी १८०३ च्या कायद्यामुळे पंचांगातल्या संतांची नाहीतर प्राचीन इतिहासातलीच नावं चालत. तेव्हा फ्रांस्वा आपोआप टिकायचा. १९९३ पासून आईबापांना मोकळीक आहे. मूल चाळीस मुलांत एकटंच 'आजोबा' होणार. त्यापेक्षा फ्रांस्वा दुसरं नाव ठेवा. इथे एका मुलाला दोन-तीन नावं सर्रास असतात.

शब्दवेडी
पॅरिसकर, लुईसुद्धा एकेकाळी म्हाताऱ्यांचंच नाव होतं ना? आज बालवाडीत लुई किती आहेत ते तुम्हीच सांगा. आणि दुसरं नाव फक्त कागदावर राहतं, त्या नावाने हाक कोण मारतं?

सासरे मागच्या वर्षी सांगलीला आले होते. व्हिसाच्या कागदांवर नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'सी'खालची शेपटी गायब. काउंटरवरून पुकारलं, "फ्रँकॉईस!" ते उठलेच नाहीत. मग मावशीच्या वहीत त्यांनी सही करून दाखवली. सगळं नाव लिहून झाल्यावर पेन उचललं आणि शेवटी 'सी'च्या पोटाखाली ती शेपटी हळूच काढली. म्हणाले, हिच्यामुळेच 'क'चा 'स' होतो.

आणि नाव परकं म्हणणाऱ्यांनी आपला 'फिरंगी' आठवावा. तोही फ्रँकवरूनच, फारसीतून आलेला. १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणारे आपले फिरंगोजी नरसाळा त्याच नात्यातले.

सह्यवारा
फिरंगोजींना यात ओढू नका. आपल्याकडे फिरंगाई देवी आहे, तिच्यावरूनही ते नाव ठेवलेलं असू शकतं. मूळ एक असलं तरी कारण एक नसतं, हेच मी वर म्हणत होतो. पण सहीची गोष्ट वाचून एक मान्य करतो. आजोबा डोळ्यांसमोर असतील तर संताची गरज नाही. बहिणीने नवऱ्याला तेवढंच सांगावं, फ्रँक आणि लॅटिन राहू दे.

पॅरिसकर
मी अजूनही दुसऱ्या नावाच्याच बाजूने.

शब्दवेडी
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. मावशी शेजारी बसून ऐकत होती. 'फ्रांस्वा' दोनदा म्हणून बघितलं, जीभ वळेना. तिसऱ्यांदा म्हणाली, "मी फ्रांसू म्हणेन." जावई स्क्रीनवर होता, त्याने तिला तो शब्द परत म्हणायला लावला.