सीबास असूनही जास्त फेज टाकल्यावर कल्चर का कोसळतं?

अगरथर:
ई. कोलायमध्ये प्लास्मिडवर (पेशीतल्या सुट्या, गोल डीएनएवर) सीबास, म्हणजे जीवाणूंची फेजविरोधी संरक्षणयंत्रणा, बसवलं आहे: फॉस्फोलायपेज, सायक्लेज, कॅप२ आणि कॅप३, चारही जनुकं. फेज (जीवाणूंना लागणारा विषाणू) पी१, त्यातलाही कायम लायसिस करणारा, म्हणजे पेशी फोडणारा, प्रकार. प्लेटवर प्लाक (फेजने पेशी मारल्याचे मोकळे ठिपके) ठळकपणे घटतात. द्रव माध्यमात एमओआय (दर पेशीमागे फेज) ०.०२ ला वाढ जवळजवळ निर्वेध होते, पण २ ला ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) घसरतो, तोही रिकाम्या प्लास्मिडच्या कल्चरपेक्षा थोडा आधीच. म्हणजे संरक्षण अर्धवट आहे का?

थरकण:
उलट, हे सीबासचं नेहमीचं वागणं दिसतंय. संसर्ग कळला की सायक्लेज चक्रीय जीएमपी-एएमपी बनवतं, तो रेणू फॉस्फोलायपेजला जागा करतो आणि ते पेशीचं आतलं पटल फोडतं. नवे फेज जुळून तयार होण्याआधीच पेशी मरते. वाचतात त्या शेजारच्या पेशी. एमओआय ०.०२ ला फक्त २ टक्के पेशींना फेज लागतो. एमओआय २ ला साधारण ८६ टक्के पेशींना लागतो, तेव्हा वाचायला उरतंच कोण? ओडी लवकर पडण्याचं कारणही हेच.

सगळ्याच संरक्षणयंत्रणा असं करत नाहीत. कॅस्केड या क्रिस्पर यंत्रणेतल्या संकुलात ११ प्रथिनं ६१ न्यूक्लिओटाइडच्या आरएनएभोवती बसतात, जुळणारा डीएनए सापडला की कॅस३ या प्रथिनाला बोलावतात आणि ते फेजचा डीएनए चिरत नेतं. तिथे लागण झालेली पेशीही वाचू शकते.

मोजपट्टी:
तर्क पटतो, पण नुसत्या ओडीवरून निष्कर्ष काढू नका. एमओआय ५ ला १५ मिनिटं फेज पेशींना चिकटू द्या, मग दोन मोजण्या करा. पहिली, जिवंत पेशींच्या वसाहती: पेशी स्वतःला मारत असेल तर १ टक्क्याहून कमी उरतात, फेजचा डीएनए कापून वाचत असेल तर पुष्कळ. दुसरी, त्याच पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा धुऊन संरक्षण नसलेल्या जीवाणूंच्या थरावर पसरा आणि प्लाक मोजा. इथे संख्या कोसळली तर लागण झालेल्या पेशीतून फेज बाहेरच येत नाही. रिकाम्या प्लास्मिडमध्येही वसाहती घटतात, म्हणून दुसरी मोजणी सोडू नका. खरा फरक तिथेच कळतो.

एमओआयचा हिशेबही तपासा. ओडी ०.३ ला मिलीलिटरमागे सुमारे २४ कोटी पेशी धरल्या, तर १८० मायक्रोलिटर कल्चरमध्ये २० मायक्रोलिटर फेज घालून एमओआय २ मिळवायला फेजचा साठा ४३० कोटी प्रति मिली हवा. हा आकडा संरक्षण नसलेल्या स्ट्रेनवरच काढा. सीबासच्या स्ट्रेनवर काढला तर तो खोटा कमी येतो आणि तुम्ही नकळत कितीतरी जास्त फेज ओतता.

थरकण:
पी१ ला चिकटायला ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड लागतं. ते विसरलं की फेज चिकटत नाही आणि संरक्षण जबरदस्त असल्याचा भास होतो. वसाहतींच्या प्लेटमध्ये मात्र सोडियम सायट्रेट घाला (ते कॅल्शियम बांधून ठेवतं), नाहीतर उरलेला फेज प्लेटवर नवी लागण करत राहतो.

नियंत्रण म्हणून फॉस्फोलायपेजच्या सक्रिय सेरीनजागी अलानीन असलेला प्लास्मिड घ्या. त्यात प्लाक पूर्ववत आले तरच श्रेय सीबासचं. पुढे टी४ हा फेज वापरलात आणि संरक्षण कमी दिसलं, तर लगेच सीबासला दोष देऊ नका: टी४ कडे एसीबी१ नावाचं प्रथिन आहे, ते हे चक्रीय संदेशरेणूच तोडतं.