गच्चीचं कुलूप (मालक संघाचा ग्रुप)

३०२ काकू: गच्चीला पुन्हा कुलूप. काहून? टाकीवाला खाली ताटकळून रायला.

५०२: काकू, माझ्या डीडचं (फ्लॅटच्या खरेदीखताचं) कलम १४ वाचा. "टेरेसचा एकमेव वापर." नोंदणी झालेला दस्त आहे.

१०४: टाकी धुवायची आहे. चावी?

२०१ सचिव: भाऊ, त्याच डीडचं कलम ६ बघा न. "जिने, गच्ची, टाक्या डिक्लेरेशनप्रमाणे सामाईक." डिक्लेरेशन म्हणजे सामाईक जागा अन् प्रत्येकाचा हिस्सा नोंदवलेला इमारतीचा दस्त.

५०२: कलम १४ नंतरचं आहे. नंतरचंच चालते.

४०१ वकील: तो नियम मृत्युपत्राचा, भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ८८. खरेदीखतात उलट, आधीचं कलम टिकते. तेही दोन्ही जुळतच नसतील तेव्हा. ५०२ च्या बेडरूमला लागून उघडं टेरेस आहे. कलम १४ त्याच्याबद्दल असेल तर भांडणच नाही. डीडसोबतच्या नकाशात कोणता भाग रंगवलाय ते पाहा.

२०४: मे महिन्यात दुपारी तिथे एकमेव वापर कोण करते ते बघूच बाप्पा 😂

५०२: जोक नंतर. बिल्डरनं वरची गच्चीच सांगितली होती, दोघांसमोर.

४०१ वकील: लेखी अटींच्या विरोधात तोंडी पुरावा येत नाही. आधी पुरावा कायद्याचं ९१-९२, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ९४-९५. मात्र "टेरेस" हा शब्द जागेवर दोन ठिकाणी लागू होत असेल, तर कोणतं टेरेस एवढ्यापुरतं दस्ताबाहेरचं सांगता येते. तुमची बाजू अगदीच पोकळ नाही.

५०२: धन्यवाद. कोणीतरी वाचलं म्हणायचं.

१०४: चावी?

३०२ काकू: गच्ची तुमची, मग वॉटरप्रूफिंगही तुम्हीच करा. मागच्या वेळी वर्गणी सर्वांकडून घेतली.

२०१ सचिव: काकू, सारखीच घेतली सगळ्यांकडून.

३०२ काकू: तेच तर! वन बीएचकेला सारखी कशी?

४०१ वकील: काकूंचं बरोबर आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७०, कलम १०. सामाईक खर्च अविभाजित हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्यांप्रमाणे.

२०१ सचिव: तो विषय वेगळा काढू. गच्चीचं सभेत बहुमतानं ठरवून टाकू का?

४०१ वकील: ठरावानं दस्तातला हक्क जात नाही, येतही नाही. त्याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे, डिक्लेरेशनमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर छत सामाईक. काही फ्लॅटपुरतं राखीव ठेवायचं तर तेही डिक्लेरेशनमध्येच दाखवावं लागते, एकट्या डीडनं भागत नाही. दुय्यम निबंधकांकडून डिक्लेरेशनची प्रमाणित प्रत काढा, जोडपत्रं आणि नकाशासकट. नुसत्या इंडेक्स टूवर (नोंदणीच्या गोषवाऱ्यावर) अटी दिसत नाहीत. टक्क्यांचा तक्ताही बघा.

५०२: आणि डीडमध्येच चूक निघाली तर?

४०१ वकील: बिल्डर आणि तुम्ही, दोघांच्या सह्यांचं चूक दुरुस्तीपत्र, नोंदणीसह. पेनानं खाडाखोड नको. बिल्डर सही देत नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम २६ खाली दावा. आणि अविभाजित हिश्श्याचे टक्के बदलायचे तर सर्व मालकांची संमती लागते, बहुमत नाही.

१०४: टाकीवाला परत चालला. चावी??

४०१ वकील: एक चावी सचिवांकडे द्या. "दोन्ही बाजूंच्या हक्कांना बाधा न आणता, टाकी व लिफ्टच्या कामापुरती" असं लिहून सह्या करा. चावी दिली म्हणून हक्क सोडला असं मग कोणी म्हणणार नाही.

५०२: आधी ते लिहून सही करून पाठवा जी. चावी मग.

२०१ सचिव: पाठवतो. टक्क्यांवर काकूंशी उद्या बोलतो.

३०२ काकू: उद्या नको, ग्रुपवरच बोला.