चालता येतं, मग व्हीलचेअर कशाला?

विमानतळावर व्हीलचेअरवरून आलेल्या आजी विमानात तुरुतुरु चालत गेल्या, म्हणजे नक्कीच ढोंग, असं काहीजण म्हणतात. पटलं नाही. विमान कंपन्यांकडे व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात: लांबचं चालणं न झेपणारे, पायऱ्याही न चढू शकणारे, आणि सीटपर्यंत न्यावं लागणारे. पहिल्या प्रकारातला माणूस शिडी चढतो, सीटपर्यंत जातोही. माझ्या मावशीचं तेच. घरात ठणठणीत, पण मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला सिक्युरिटीपासून गेटपर्यंत चालायचं म्हटलं की अर्ध्यात दम लागून पिलरला हात टेकते. हृदयाचा आजार काही कपाळावर लिहिलेला नसतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांच्या पत्नीला खुर्ची मिळाली, त्यांना मिळाली नाही म्हणून ते सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळून वारले. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. म्हणून फुकट रांग चुकवायला खुर्ची मागणाऱ्यांचा रागही येतो, पण ढोंगी कोण ते ओळखायचं काम आपलं नव्हे.

शिष्टाचार म्हणाल तर खुर्चीमागे अख्खं खानदान घुसवू नये, सोबत एकजण पुरे. मागणी ४८ तास आधी नोंदवावी. आणि आधी चढलात तर उतरताना शेवटी थांबायचं, खुर्ची दाराशी यायला वेळ लागतोच. विमानाची चाकं थांबताच ‘आमचं पेशंट आहे’ म्हणत पुढे घुसणारे मात्र डोक्यात जातात.