मदत हवी आहे: भावाचे हातपाय जळतात (फॅब्री आजार), नाशिक किंवा आसपास कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ दहावीला आहे, आम्ही सिडकोत राहतो. तिसरी-चौथीत असल्यापासून त्याची एकच तक्रार, तळपाय आणि तळहात जळतात. मुंग्या नाहीत, बधीरपणा नाही, आतून निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणतो. थोडं थोडं रोजच असतं पण ताप आला, पीटीला पळवलं किंवा एप्रिलच्या उन्हात क्लासहून सायकलवर आला की जे उसळतं ते बघवत नाही, पोटऱ्यांपर्यंत चढतं आणि पोरगा बाथरूमच्या ओल्या फरशीवर जाऊन पडतो. कधी तासाभरात उतरतं, कधी दोन-दोन दिवस. आणि त्याला घाम जवळजवळ येतच नाही, मे महिन्यात आपण सगळे निथळत असतो आणि हा कोरडा ठक्क, फक्त चेहरा लालबुंद.

डॉक्टर बरेच झाले. वाढीचं दुखणं आहे, बी ट्वेल्व्ह कमी असेल, संधिवाताच्या टेस्ट करा, सगळं झालं. मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट केली, ती पण नॉर्मल, तेव्हा एकांनी त्याच्यासमोरच सांगितलं की नसा ठणठणीत आहेत, मुलगा अभ्यास टाळतोय. त्यानंतर भावाने दुखतं हे सांगणंच बंद केलं.

कळलं कसं तर चष्म्याच्या नंबरमुळे. डोळ्यांच्या डॉक्टरांना कॉर्नियावर भोवऱ्यासारख्या रेघा दिसल्या, त्यांनी आधी विचारलं हृदयाचं किंवा मलेरियाचं औषध चालू आहे का, कारण त्यानेही तसं होतं म्हणे. नाही म्हटल्यावर विचारलं, हातपाय जळतात का, बेंबीच्या खाली, मांड्यांवर बारीक काळपट लाल ठिपके आहेत का? दोन्ही आहेत, ठिपक्यांना आम्ही घामोळं समजत होतो (घाम न येणाऱ्या मुलाला घामोळं, असो). तिथून एन्झाइमची तपासणी, फिल्टर पेपरवर रक्ताचे ठिपके घेऊन, मग जीन टेस्ट. फॅब्री.

मला जेवढं समजलंय ते असं की अल्फा गॅलॅक्टोसिडेज ए नावाचं एन्झाइम शरीरात बनत नाही किंवा फार कमी बनतं, त्यामुळे एक प्रकारची चरबी पेशींमध्ये साठत राहते, नसांमध्ये, किडनीत, हृदयात, रक्तवाहिन्यांत. नसांमधल्या सगळ्यात बारीक तंतूंना आधी मार बसतो आणि दुखणं, गार, गरम हे सगळं तेच तंतू पोचवतात. नर्व्ह कंडक्शनमध्ये फक्त जाड तंतू मोजले जातात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. इतकी वर्षं हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर...

आणि विचित्र प्रकार म्हणजे जळतं एवढं पण गार-गरम त्याला नीट कळत नाही. आंघोळीचं पाणी आई हात घालून बघते तर चटका बसतो आणि हा म्हणतो कोमट आहे. डिसेंबरात इकडे काय थंडी असते माहितेय तुम्हाला, त्यात अनवाणी फिरतो.

मामा चाळिशीत डायलिसिसवर गेला होता, त्याचे पण पाय जळायचे. कारण कधी कळलं नाही, आता सगळं जुळतंय.

सध्या कार्बामाझेपिन चालू आहे, थोडा फरक आहे पण वर्गात पेंगतो. एन्झाइमच्या इंजेक्शनसाठी मुंबईला केईएमची कागदपत्रं चाललीत. विचारायचंय ते हे की जोरात उसळतं तेव्हा तुम्ही घरी नक्की काय करता, शाळेला पीटी आणि प्रॅक्टिकलसाठी काय लिहून देता, आणि तिसरं माझं स्वतःचं. मी २६ ची आहे, ताप आला की माझेही तळवे जळतात, लहानपणापासून. मला वाटायचं सगळ्यांचेच जळत असतील. घरी स्थळं बघणं चालू आहे, आई म्हणते लग्न होईपर्यंत तपासणी नको. मला पटत नाहीये.

खानदेशी तडका: ताई ही शुद्ध उष्णता आहे. रात्री सब्जा भिजवून सकाळी द्या, गुलकंद द्या आणि झोपताना काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासा, वाटी काळी पडली की समजायचं उष्णता निघाली. माझ्या मुलाला महिन्यात फरक पडला.

धागाकर्ती: दादा तुमच्या मुलाला बरं वाटलं हे छानच. पण आजीने हे सगळं करून बघितलंय. काशाची वाटी लावली की भाऊ रडायचा, त्या दिवसांत त्याला चादरीचा स्पर्श पण सहन होत नाही. सब्जा चालू ठेवलाय, आजीसाठी.

ओझरकर: ताई मी स्वतः पेशंट आहे, पस्तिशीत निदान झालं, दोन आठवड्यांतून एकदा सलाइनमधून एन्झाइम चालू आहे. उसळतं तेव्हा बर्फ लावू नका. गार कळत नाही त्यामुळे किती वेळ ठेवला हे पण कळत नाही, माझी कातडी तशीच गेलीय एकदा, आणि तापमान एकदम बदललं की दुखणं उलट भडकतं. साधं पाणी, ओला पंचा, पंखा. घाम येत नाही म्हणजे बाहेरून ओलं करायचं, मी उन्हाळ्यात गाडीला स्प्रेची बाटली अडकवून फिरतो, लोक हसतात, हसू देत. ताप चढायची वाट बघू नका, कणकण वाटली की डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असलं काही मेडिकलमधून आणून देऊ नका, या दुखण्याला त्याचा फारसा उपयोगही नाही आणि आपली किडनी आधीच रांगेत उभी आहे. लघवीतलं प्रोटीन नियमित तपासा. कार्बामाझेपिनने पेंग येते हे डॉक्टरांना सांगा, डोस हळूहळू वाढवतात किंवा प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन असे पर्याय असतात, पण मनाने एकदम बंद करू नका.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. विशी-पंचविशीत माझं जळणं बरंच कमी झालं आणि मी खूश झालो की सुटलो. तसं नसतं, तंतूच मेलेले असतात. म्हणून त्याने तक्रार थांबवली तर बरा झाला असं धरू नका. एन्झाइमने मला दुखण्यात फरक आहे पण शून्य झालेलं नाही, ते मुख्यतः किडनी-हृदय वाचवायला, आणि लहान वयात सुरू झालं तर जास्त चांगलं.

पैशांचं बोलायचं तर २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅब्री आहे, केईएम त्यातलं एक केंद्र आहे आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख आहे. ऐकायला मोठी वाटते. पण डोस वजनावर ठरतो आणि औषध जन्मभर, मुलगा वाढतोय, तेव्हा ते पैसे किती पुरतील हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. त्याच्या जीन रिपोर्टमधलं म्युटेशन (म्हणजे जीनमधला नेमका बदल) मिगालास्टॅट गोळीला दाद देणारं आहे का हेही विचारा, सगळ्यांना चालत नाही ती.

लॅबवाली: धागाकर्ती ताई, तुमच्यासाठी. तुम्ही फक्त एन्झाइमची टेस्ट करून मोकळ्या होऊ नका. पुरुषांत एन्झाइम कमी आलं की निदान जवळजवळ पक्कं, पण बायकांत ते नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. भावाचं म्युटेशन माहीत आहे ना, मग तेवढंच एक शोधायला सांगा, अख्खा जीन परत वाचायची गरज नाही, खर्चही कमी. एक्स गुणसूत्राचा मामला आहे. मामालाही तेच असेल तर आईंकडे नक्की आहे, आणि तुमच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. ताप आला की जळतं म्हणता म्हणजे मी तर थांबणार नाही. बायका नुसत्या वाहक असतात हे जुनं झालं, त्यांनाही किडनी, हृदय, पक्षाघाताचा झटका सगळं होऊ शकतं, फक्त उशिरा आणि कमी-जास्त. आईंची पण लघवीची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, त्यांचं सगळ्यात आधी राहून जाईल. लग्नाचं म्हणाल तर तो तुमचा निर्णय, पण माहिती तुमच्या हातात असावी, नंतर सासरी कळण्यापेक्षा.

आणि मामांना मुलं आहेत का? वडिलांकडून मुलाला हे जात नाही, पण प्रत्येक मुलीला जातंच.

धागाकर्ती: बापरे. एक मुलगी आहे, माझी मामेबहीण, जळगावला दिलीय. तिला छोटा मुलगा आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही सगळे भावाच्या मागे. आज रात्री आईशी बोलते आणि मग आम्ही दोघी मिळून तिला फोन करतो, एकटीने करायची हिंमत नाही.

ओझरकर दादा, भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. स्प्रेच्या बाटलीची आयडिया त्याला आवडली, म्हणाला शाळेत नेली तर मुलं चिडवतील पण क्लासला नेईन. आणि जळणं कमी झालं म्हणजे काय ते वाचून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला आत्ता जळतंय ते चांगलंच म्हणायचं का. काय बोलणार.

माझी टेस्ट मी करणार आहे, केईएमला त्याच्यासोबत जाईन तेव्हाच सॅम्पल देते. आईला सांगून.

शाळेच्या पत्राचं मात्र कोणीच बोललं नाही. क्लासटीचर चांगल्या आहेत पण पीटीचे सर सर्टिफिकेट मागतायत आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, उन्हाळ्याच्या तोंडावर, तीन तास पेन धरून. पंख्याखालचा बाक, पाण्याची बाटली, मधे उठून हात ओले करायची परवानगी, एवढंच पाहिजे. कोणी असं पत्र डॉक्टरांकडून करून घेतलं असेल तर मजकूर काय होता ते नाव-गाव झाकून इथे टाका प्लीज, सराव परीक्षेच्या आधी द्यायचंय.